वाळवल्याने तेल वाढते का?

उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकली की पाण्याला सुवास येतो. या मुळ्या तर सुकलेल्या असतात. मग वाळताना त्यांतील सुगंधी तेल उडून कसे गेले नाही?

वाळ्याच्या तेलात मुख्यतः १५ कार्बन अणूंची जड संयुगे असतात. खुसिमॉल हे त्यांपैकी एक. ती सावकाश उडतात; म्हणूनच तेल काढताना मुळ्यांतून तासन्‌तास वाफ सोडावी लागते. आल्याचे तसे नाही. (आले हे मूळ नसून जमिनीखालचे खोड आहे, हे वर्गात जरूर सांगावे.) त्याच्या तेलात लिंबासारख्या वासाचे सिट्राल असते. त्याच्या रेणूत कार्बनचे १०च अणू. ते लवकर उडते. सुंठीला ओल्या आल्याचा तो ताजा वास नसतो, याचे हे एक कारण.

तरीही सुकलेल्या मुळ्यांत तेलाचे शेकडा प्रमाण ओल्यापेक्षा जास्त भरते. हे कसे? एक काल्पनिक उदाहरण पाहू. १००० ग्रॅम ओल्या मुळ्यांत ६ ग्रॅम तेल आहे, म्हणजे ०.६ टक्के. सावलीत वाळवल्यावर ५०० ग्रॅम मुळ्या व ५.५ ग्रॅम तेल उरले : १.१ टक्के. तेवढ्याच मुळ्या कडक उन्हात वाळवल्यावर ४०० ग्रॅम मुळ्या व ४.८ ग्रॅम तेल उरले : १.२ टक्के. टक्केवारीत ऊन जिंकले. पण तेल विकणाऱ्या शेतकऱ्याचे किलोमागे ०.७ ग्रॅम तेल जास्त गेले! तेल वाढले नाही, भागणारी संख्या घटली.

म्हणून तुलना मूळच्या ओल्या वजनावर किंवा पाणी वगळून उरणाऱ्या कोरड्या वजनावर करावी. मात्र पाणी मोजतानाही सावध राहावे. संशोधनाच्या सुरुवातीला मी आल्याचे काप १०५ अंश सेल्सिअसला भट्टीत वाळवले आणि घटलेले सारे वजन पाण्याचे धरले. खोलीभर पसरलेला सुवास मात्र सांगत होता, की पाण्याबरोबर तेलही चालले आहे. यासाठीच मसाल्यांतील पाणी टोल्युइनबरोबर उकळून वेगळे काढतात व मापाच्या नळीत मोजतात. तेल टोल्युइनमध्येच विरघळलेले राहते.

आल्याचे सारख्या वजनाचे दोन वाटे विद्यार्थ्यांना उन्हात व सावलीत वाळवू द्यावेत. रोज वजन घ्यावे, वासही घ्यावा. वजन का घटले याचे उत्तर "पाणी गेले" असे आले, तर विचारावे : "फक्त पाणीच?"