मोठ्या हाताला लहान मूठ : शिकलगारांचा मागे पडलेला हुनर

भोरहून आंबवड्याला गेलं की लोक नागेश्वराचं मंदिर बघतात, संस्थानच्या काळातल्या झुलत्या पुलावर फोटो काढतात आणि परत फिरतात. त्याच गावात कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या आहेत. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण ज्याच्यामुळे पडली, तोच हा जिवा. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीत सय्यद बंडा पट्टा घेऊन शिवाजी महाराजांवर धावला आणि जिवाने त्याचा पट्ट्याचा हातच कलम केला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय.

माझ्या नात्यातले एक शिकलगार चाचा माझ्याबरोबर त्या समाधीपाशी आले होते. चाचांचे हात फावड्यासारखे. दुकानातला हातमोजा त्यांना कधी बसत नाही. ते थोडा वेळ गप्प उभे राहिले आणि म्हणाले, “हात तोडला, हे सगळे सांगतात. पट्टा हातातून का सुटला नसता, हे कुणी सांगत नाही.”

चाचांचा हा सवाल मुठीचा आहे, आणि हा लेख त्या मुठीबद्दलच आहे.

दांडपट्टा म्हणजे तलवार नव्हे. तलवारीची मूठ आपण बाहेरून धरतो, पट्ट्याच्या मुठीत हात आत घालतो. लोखंडी कोपरी पंजापासून अर्ध्या हातापर्यंत झाकते. आत एक आडवी दांडी असते, ती बोटांनी पकडायची. मागच्या टोकाला एक पट्टी हाताभोवती येते. पातं सरळ, दुधारी आणि लवचिक असतं. मनगट वळवायला जागाच नसल्यामुळे वार खांद्यापासून आणि कोपरापासून फिरतो, म्हणून पट्टाईत माणूस सारखा गोल फिरताना दिसतो. या हत्यारात हाताचं माप चुकलं तर सगळंच चुकतं. दांडी पुढे असेल तर लहान हाताची बोटं तिथवर पोचत नाहीत. ती मागे असेल तर मोठ्या हाताची बोटांची हाडं लोखंडावर घासतात आणि दोन-चार फेऱ्यांतच सालटं निघतात. मागची पट्टी ढिली राहिली की कोपरी हातात डुगडुगते, घट्ट झाली की हात बधिर होतो. म्हणून आत कापडाची किंवा कातड्याची गादी लावून ती त्या माणसाच्या हाताला जुळवून घ्यावी लागते. चांगली जुळलेली कोपरी हाताचाच भाग होते. चटकन टाकून देता येत नाही, हा तिचा गुण आणि तोच तिचा धोका.

आता एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण आपल्या मुलांना ती सहसा कुणी सांगत नाही. त्या दिवशी महाराजांबरोबर जे दहा अंगरक्षक होते, त्यांत जिवा महालाइतकाच निवडून घेतलेला एक सिद्दी इब्राहिम होता. समोर सय्यद बंडा, इकडे सिद्दी इब्राहिम. ती लढाई दोन राज्यांची होती. तिला दोन धर्मांची लढाई करून सांगणाऱ्यांना या यादीतलं हे नाव नेहमी अडचणीचं वाटतं.

आता शिकलगारांकडे येऊ. अरबीत ‘सैकल’ म्हणजे लकाकी आणणं, धातू उजळणं. त्याला फारसीचा ‘गर’ लागला आणि सैकलगर झाला. आपल्याकडे त्याचा शिकलगार झाला. पश्चिम महाराष्ट्रात हे आडनाव बहुतेक मुस्लिम घरांचं आहे. उत्तरेकडे याच कामाचे शीख सिकलीगरही आहेत. पात्याला धार लावणं आणि उजळणं हे मुख्य काम. चाचांच्या घरी सांगतात की ढिली मूठ पुन्हा बसवणं हेही त्यांच्याकडेच यायचं. इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्रांचा कायदा आणला, घरोघरची हत्यारं गेली, आणि धार लावणारे हात सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते, कोयते यांच्याकडे वळले. आज रस्त्यात सायकलवर सहाण फिरवणारा माणूस बघितला तर तो कोणत्या घराण्यातला असेल याचा विचार आपण करत नाही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी हत्यारं बघताना बहुतेक लोक एकच वाक्य बोलतात : “मूठ केवढीशी! तेव्हाच्या माणसांचे हात लहान होते वाटतं.” हे वाक्य इंग्रजांनीही पुष्कळदा म्हटलंय. चाचा यावर हसतात. तलवारीच्या मुठीचा मधला फुगीर भाग म्हणजे खजाना. खाली गोल कटोरी, वर आडवे ठोले, आणि काही मुठींना बोटांपुढून येणारी परज. आपण चारही बोटं खजान्यावर मावायला बघतो, तिथेच गफलत होते. तर्जनी ठोल्यावरून पुढे घेतली की उरलेल्या तीन बोटांना जागा पुरते, मोठ्या हातालासुद्धा. आणि कटोरी मनगटाला टेकते ती मुद्दामच. तिने मनगट फार वाकू देऊ नये, वार कापत, ओढत यावा, अशी ती रचना आहे. सैल मूठ हातात फिरते. आवळ मूठ हाताला जखडून ठेवते. तेव्हा बऱ्याच मुठी लहान नाहीत, आपल्याला त्या धरता येत नाहीत.

तरी सगळ्यांचं काम तेवढ्यावर भागत नाही. चाचांसारखा हात असेल तर ठोला आणि कटोरी यांतलं अंतरच वाढवायला हवं, आणि ओतीव किंवा घडीव लोखंड ताणून वाढत नाही. मग पातं तेच ठेवून मूठ दुसरी बसवायची. हे वाटतं तितकं अवघड नव्हतं. पात्याची शेपटी पोकळ मुठीत जाते आणि आत लाखेचं मिश्रण भरलेलं असतं. मूठ गरम केली की लाख मऊ पडते, पातं बाहेर येतं. नवी मूठ गरम करून तिच्यात लाख भरायची, पातं सरळ धरून बसवायचं आणि थंड होऊ द्यायचं. यात खरी कसोटी गरम करण्याची. थेट जाळावर धरलं तर पात्याचं पाणी उतरतं, म्हणजे त्याचा कणखरपणा जातो, आणि मुठीवर सोन्याचं काम असेल तर तेही बिघडतं. हात लहान असेल तर काम सोपं, खजान्यावर सुती दोरी किंवा कापड गुंडाळलं की झालं. भर घालणं सोपं, जागा करणं कठीण.

पातं एकीकडचं आणि मूठ दुसरीकडची, याचं ताजं उदाहरण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंय. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून विकत घेऊन मुंबईत आणली. तिचं पातं युरोपातलं आणि मूठ मुल्हेरी घाटाची आहे. अशा तलवारीला आपल्याकडे फिरंग म्हणत. परदेशी पातं चांगलं, पण परदेशी मूठ आपल्या धरण्याला जमत नाही, म्हणून इथल्या कारागिराने ती बदलली. बातम्यांत मालकाचं नाव आलं, किंमत आली. ज्याने मूठ बसवली त्याचं नाव कुठेच नाही, कारण ते कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

आता हाच प्रश्न रिव्हॉल्वरला येतो. चाचांकडे एक परवानाधारक गृहस्थ आले होते. उंचेपुरे, हात चाचांसारखेच. करंगळी मुठीच्या खाली लोंबते, ट्रिगरवर बोटाचं पेर यायच्या ऐवजी सांधा येतो, आणि उडवल्यावर ट्रिगरच्या मागची लोखंडी कडी मधल्या बोटावर आपटते. “लाकडाची मोठी मूठ करून द्या,” म्हणाले. चाचांनी हत्यार हातातही घेतलं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची घडण आणि दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही, आणि आपलं हत्यार विनापरवाना माणसाच्या ताब्यात सोडणं मालकाच्याही अंगाशी येतं. चाचांनी त्यांना कागदावर हात ठेवायला सांगितला, पेन्सिलने आकार काढून दिला आणि परवानाधारक बंदूकवाल्याकडे पाठवलं.

तिथे काय सांगायचं, तेही चाचांनी समजावलं. हत्यार रिकामं आहे हे दोघांनी दोनदा बघायचं, मगच मुठीचं लाकूड काढायचं. मोठ्या हाताला सगळीकडून जाड मूठ लागते हा गैरसमज आहे. भर तीन ठिकाणी हवी : मागच्या बाजूला, म्हणजे पंजा थोडा मागे सरकतो आणि बोटाचं पेर ट्रिगरवर येतं, ट्रिगरच्या कडीच्या मागच्या पोकळीत, म्हणजे मधलं बोट मार खात नाही, आणि खाली, करंगळीपुरती लांबी. दोन्ही बाजूंनी मात्र फार जाड केलं तर बोटं वळत नाहीत आणि पकड उलट सुटते. आधी एम-सीलचा नमुना करून हाताला लावून बघायचा, जमला की मग अक्रोड किंवा शिसवीत कोरायचा. काडतुसं काढता-घालताना लाकूड आडवं येता कामा नये. आणि फार गुळगुळीत पॉलिश नको, घामट हातातून ती घसरते.

रेंजवर पिस्तूल नेमबाजी करणारी मुलं हेच करतात. लाकडी मुठीवर पुट्टी भरून, घासून, पुन्हा भरून ती स्वतःच्या हाताची करून घेतात. स्पर्धेचे नियमही मुठीपर्यंत पोचलेत. दहा मीटर एअर पिस्तूल ४२ बाय २० बाय ५ सेंटिमीटरच्या खोक्यात बसलंच पाहिजे, आणि मुठीने मनगटाला टेकू देता कामा नये. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून आपल्या भागातल्या मुलीही चौकशी करू लागल्यात. ज्यांना हत्याराची हौस आहे त्यांच्यासाठी हा रस्ता मोकळा आहे.

दुसरा रस्ता कुठे जातो तेही सांगायला हवं. वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा, लग्नाच्या वरातीत ती नाचवायची, व्हिडिओ टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी कलम ४ आणि २५ खाली गुन्हा. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा सुरा हत्यार धरला जातो. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. हौसेने ऑनलाइन मागवलेली तलवार या हिशेबात अवजार ठरत नाही. मोहरमच्या आखाड्यात पट्टा-लाठी खेळणाऱ्या पोरांच्या उस्तादांनी पोलीस ठाण्याची परवानगी आधी हातात घ्यावी. घरातल्या एका मुलावर अशी केस पडली की पासपोर्टपासून नोकरीपर्यंत सगळं अडतं, हे अनेक आईवडिलांनी भोगलंय.

चाचांकडे आता येतात ते कोयते आणि कुऱ्हाडी. बाभळीचा दांडा, आणि माप एकच. मुठीत धरल्यावर बोटांची टोकं अंगठ्याच्या मुळाला जेमतेम टेकली पाहिजेत. आत रुतली तर दांडा बारीक, पोचलीच नाहीत तर जाड. ऊसतोडीला जाणारी बाई आली की चाचा आधी तिला रिकामा दांडा धरायला देतात आणि मग रंधा घेतात. बाजारातला तयार दांडा एकाच मापाचा, पुरुषाच्या हाताचा असतो, असं ते म्हणतात. त्यांच्या दोन्ही मुलांपैकी कुणी हे शिकलं नाही. धाकटा मोबाइल दुरुस्त करतो. आंबवड्याहून परतताना त्याचा फोन आला, एक गिऱ्हाईक कोयता घेऊन दुकानात बसलंय. “हाताचं माप घेऊन ठेव,” चाचा म्हणाले. पलीकडून तो विचारत होता, माप कसं घेतात.