पूरक ते पूरकच!

व्यायामशाळेत जाणाऱ्यांच्या पिशवीत हल्ली टॉवेल आणि पाण्याच्या बाटलीबरोबर प्रथिनांच्या भुकटीचा डबाही दिसू लागला आहे. असे महागडे डबे घेण्यापूर्वी ‘पूरक’ या शब्दाचा अर्थ ध्यानी घेणे अगत्याचे आहे. जे उणे असेल ते भरून काढते, ते पूरक. उणे काहीच नसेल, तर लाभही बेताचाच.

व्यायामानंतर स्नायूंची झीज भरून निघण्यास प्रथिने लागतात, हे निर्विवाद. सामान्य प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम, तर नियमित जोरकस व्यायाम करणाऱ्यास १.४ ते २ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. दूध, दही, डाळी, उसळी, अंडी, मासे यांचा आहारात नीट मेळ घातल्यास ही गरज बहुतेकांना भागविता येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या घेणे टाळावे, असा सल्ला दिला आहे.

क्रिएटिनची गोष्ट थोडी निराळी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी १८३२ मध्ये मांसातून वेगळा केलेला हा पदार्थ आपले शरीरही तयार करते. रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन आणि जोडीला व्यायाम असल्यास वजन उचलणे, आखूड पल्ल्याची धाव अशा अल्पकाळ जोर लावण्याच्या प्रकारांत फायदा होतो. शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंत त्याचा साठा मुळात कमी असतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून ते घेऊ नये.

चहा-कॉफीतील कॅफीन दमश्वास वाढविते. परंतु संध्याकाळी घेतलेले कॅफीन झोप पळविते, आणि झोपेइतकी झीज भरून काढणारी दुसरी गोष्ट नाही.

अतिरेक तर उलटूही शकतो. जर्मनीत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही तरुणांना चार आठवडे व्यायामाबरोबर रोज १००० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व आणि ४०० एकक ‘ई’ जीवनसत्त्व देण्यात आले. व्यायामामुळे शरीर इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागते. गोळ्या घेणाऱ्यांत ही सुधारणा दिसलीच नाही!

सर्वांत मोठा धोका लेबलावर न लिहिलेल्या घटकांचा. कोलोन येथील प्रयोगशाळेने २०००-०१ मध्ये १३ देशांतून आणलेली ६३४ पूरके तपासली. त्यांपैकी ९४ मध्ये लेबलावर उल्लेख नसलेली संप्रेरकजन्य द्रव्ये आढळली. उत्तेजकविरोधी नियमांनुसार शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. ‘ठाऊक नव्हते’ म्हटल्याने सुटका होत नाही. एका डब्यापायी अनेक वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते.

तेव्हा सकस आहार, पुरेसे पाणी, शांत झोप आणि नियमित सराव यांना अग्रक्रम द्यावा. त्यानंतरही काही उणे वाटल्यास आहारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, डब्यावरील अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक पाहावा, आणि मगच खरेदीचा विचार करावा.