छपराखालचें क्रीडोद्यान

अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत हिवाळ्यांत बाहेर बर्फ साचलेलें असतां दोन वर्षांच्या मुलास घेऊन सहलीस जावें कोठें? आम्ही चिरंजीव, सूनबाई व नातू यांसह ब्लूमिंग्टन येथील ‘मॉल ऑफ अमेरिका’ या अवाढव्य बाजारांत गेलों. त्याच्या मधोमध सुमारें 7 एकरांचें क्रीडोद्यान आहे. तें 1992 सालीं उघडलें. पूर्वी येथें बेसबॉलचें क्रीडांगण होतें व त्याची खूण दाखविणारी पाटी अद्याप जमिनींत बसविलेली आहे. वर कांचेचें छप्पर, खालीं खरीं झाडें. सूर्यप्रकाश, दिवे व माणसांची गर्दी यांचीच ऊब तेथें बहुतांशीं पुरते!

आंत फिरण्यास पैसे पडत नाहींत, पाळण्यांत बसण्यास पडतात. ही सोय आजी-आजोबांस फार मानवते. कोणत्या पाळण्यांत कोणीं बसावें हें मात्र उंचीवर ठरतें. घोड्यांच्या चक्रांत आमचा नातू हंसला. पण गाड्यांचा धडधडाट ऐकतांच त्यानें कान झांकले. तेव्हां सूनबाईंनीं त्याला झाडांकडे नेलें. तेथें पायऱ्या चढण्या-उतरण्यांत तो अर्धा तास रमला!

दिवसभराचा पास घेतला कीं तो वसूल करण्याचा मोह वडील मंडळींस होतो. त्याची किंमत अखेर मूल रडून देतें. म्हणून सकाळीं लवकर जावें, दोन-तीन खेळांवर समाधान मानावें व मुलाच्या झोंपेची वेळ होण्यापूर्वीं निघावें. सहल कोणासाठीं काढली, याचा विसर पडूं नये, एवढेंच आमचें सांगणें.