प्लॉट पाचगणीत, पण पेरणी कधी?

पहिला पाऊस पडला की पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत एक साथ पसरते. कॉफी मशीनपाशी कुणीतरी म्हणतं, ‘यंदा वीकएंडला भाजी पिकवायचीच, बॉस!’ आम्हालाही लागण झाली. तिघांनी मिळून पाचगणीजवळ तुकडा भाड्याने घेतला आणि जूनमध्ये टोमॅटो लावले. शेजारचे काका म्हणाले, “पोरांनो, दसऱ्याला या. आत्ता लावाल ते पाऊस खाईल.” आम्ही हसलो. ऑगस्टमध्ये काळ्या पडलेल्या काटक्या उपटताना कुणीच हसत नव्हतं. पैसे गेले ते गेलेच, सहा वीकएंडही गेले.

हिल स्टेशन म्हटलं की आपल्याला थंडी आठवते. इथलं कॅलेंडर मात्र पाऊस ठरवतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त, आणि जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. तेव्हा प्लॉट नक्की कुठे, ते आधी बघा.

स्ट्रॉबेरीवाल्यांकडून शिका. ते रोपं लावतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, तीही गादीवाफ्यावर, म्हणजे परतीचा पाऊस आला तरी मुळाशी पाणी साचत नाही. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की फुलं येतात. नोव्हेंबरअखेरपासून फळ सुरू. लावताना रोपाचा मधला कोंब मातीत गाडू नका, कुजतो.

मटार, गाजर, मुळा ऑक्टोबरात. गाजराचं बी थेट वाफ्यात पेरा. रोप उपटून लावलं की गाजराला फाटे फुटतात. मटाराचं झाड थंडी सोसतं, पण फुलं आणि कोवळ्या शेंगा हिमकणांनी जळतात. गार हवा खोलगटात साचते (डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाकाठी दव गोठतं ते उगाच नाही), म्हणून मटार उतारावर लावा. फ्लॉवरचं बी घेताना ‘कुठल्या हंगामाचं?’ हे विचाराच. हळवं बी थंडीत लावलं तर लिंबाएवढा गड्डा मिळेल!

आणि टोमॅटो? रोपं फेब्रुवारीत, म्हणजे पावसाआधी तोडणी उरकते. पाण्याची सोय मात्र हवी, कारण दिवाळीनंतर आभाळातून काही येत नाही.

यंदा दसऱ्याची रजा आम्ही आधीच टाकलीये. कारण लिहिलंय, ‘घरचं कार्य’.