दगड खडकीला, नावे सिंगापूरला

शिवडीच्या खाजणाकडून पूर्वेला पाहिले की पाण्यापलीकडे न्हावा, उरण आणि करंजाचे डोंगर दिसतात. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूमुळे तिकडे गाडीने जाणे फार जवळचे झाले. तिथून सुरू होणारा रायगडचा किनारा रेवस, मांडवा, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिघी करत श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंत उतरतो. याच शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीतून जून १९६२ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या ६२९ सैनिकांचे अवशेष पुण्याजवळ खडकीला नेण्यात आले. बंदरासमोर पुरलेली माणसे सह्याद्रीपलीकडे गेली. रायगडच्या समुद्रात किंवा किनाऱ्यावर युद्धकाळात मरण आलेल्या वैमानिकांच्या, खलाशांच्या, शिपायांच्या खुणा शोधायच्या असतील, तर किनाऱ्यावर हिंडण्याआधी बोरघाट चढावा लागतो तो यामुळे. घाट चढूनही सगळे हाती लागत नाही, कारण या मृतांच्या नोंदी निदान चार-पाच ठिकाणी वाटल्या गेल्या आहेत आणि त्यांतले एकही ठिकाण रायगड जिल्ह्यात नाही.

खडकीची युद्धदफनभूमी मुळा रोडला, नदीच्या अंगाला आहे. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी ज्यांना पुरले होते आणि जिथे कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती, त्यांना एकत्र आणण्यासाठी ती उभारली गेली. इथे त्या युद्धातल्या १,६६८ कबरी आहेत. त्याच आवारात पहिल्या महायुद्धाचे एक स्मारक आहे. भारत आणि आजच्या पाकिस्तानातल्या छावण्यांच्या दफनभूमींत ज्यांच्या कबरी राखता येईनात, अशा १,८०० हून अधिक जणांची नावे त्यावर आहेत, शिवडीचे ६२९ जणही त्यांतच. हवाई दलातल्या माणसाची शिळा दुरूनही ओळखू येते. गोलात झेपावणारा गरुड, वर मुकुट, खाली सेवाक्रमांक, हुद्दा, नाव, तारीख आणि वय. मग धर्माचे चिन्ह, आणि सगळ्यात खाली घरच्यांनी निवडलेला मजकूर. त्या मजकुराला मर्यादा होती ठरावीक अक्षरांची, दोन शब्दांमधली रिकामी जागा धरून. तारेच्या मजकुरासारखे मोजून लिहिलेले आईबापांचे बोल. विंग कमांडरची शिळा आणि साध्या मेकॅनिकची शिळा सारख्याच मापाची. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाचा नियमच तसा होता: प्रत्येकाचे नाव, प्रत्येकाला सारखाच दगड, हुद्दा-वंश-धर्म यांवरून भेद नाही. नियम कागदावर स्वच्छ होता. प्रत्यक्षात तो कसा पाळला गेला, ते पुढे येईलच.

वैमानिकाच्या मरणाचा हिशेब शिपायापेक्षा वेगळा असतो. शिपाई पडतो ती जागा सोबत्यांना ठाऊक असते. विमान तळावरून उडते आणि परत येत नाही, एवढेच पुष्कळदा मागच्यांना कळते. म्हणून एकाच किनाऱ्यावर एकाच वर्षी मेलेल्या तीन हवाई सैनिकांच्या नोंदी तीन देशांत जाऊ शकतात. प्रेत मिळाले आणि माणूस ख्रिस्ती असला, तर दफन आणि पुढे खडकी. माणूस हिंदू किंवा शीख असला तर दहन, म्हणजे कबरच नाही. भारतात, रणक्षेत्राबाहेर मरण पावलेल्या अविभाजित भारताच्या २५,००० हून अधिक सैनिकांची नावे दिल्ली आणि कराची इथल्या जोडस्मारकांच्या खाती आहेत. आणि विमान समुद्रातच गेले असले तर? दक्षिण आणि पूर्व आशियावर, तसेच भोवतालच्या समुद्रांवर मोहिमेत असताना बेपत्ता झालेल्या हवाई सैनिकांचे स्मारक सिंगापूरच्या क्रांजी इथे आहे. १९५७ साली त्याचे अनावरण झाले. भिंतींवर भूदलातले सैनिक धरून २४,००० हून अधिक नावे, आणि इमारतीचा आकारही पंख पसरलेल्या विमानासारखा. मुरूडसमोरच्या पाण्यात नाहीसा झालेला वैमानिक मुरूडला आठवायचा, तर त्याचे नाव सिंगापूरच्या भिंतीवर वाचावे लागणार, अशी ही व्यवस्था. तिच्यात अन्याय नाही, पण दूरपणा फार आहे.

यावर सोपे उत्तर असे दिले जाते की कोकणच्या दमट हवेत, चार महिन्यांच्या पावसात काही टिकत नाही आणि किनाऱ्यावरच्या लोकांना असल्या स्मृतींची ओढही नाही. हे पटणारे नाही. मुरूडजवळ खोकरीला जंजिऱ्याच्या सिद्दींचे दगडी घुमट तीनशे वर्षांच्या आसपास उभे आहेत. संस्थानी काळात त्यांच्या देखभालीसाठी गावांचे उत्पन्न लावून दिलेले होते आणि आता ते पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. अलिबागेत १७२९ साली वारलेल्या कान्होजी आंग्रे यांची समाधी भर गावात आहे. नौदलाने मुंबईतल्या आपल्या तळाला त्यांचे नाव दिले आहे, त्यामुळे त्या समाधीला वाली आहे. पण सगळ्यांत बोलका दाखला अलिबागच्या उत्तरेला नवगावचा. गलबत फुटून या किनाऱ्याला लागलेल्या सात पुरुषांपासून आणि सात स्त्रियांपासून आपला वंश चालला, ही बेने इस्रायल समाजाची परंपरा. बुडालेल्यांची प्रेते लाटांनी किनाऱ्यावर आणली, ती नवगावला पुरली, पुरुषांची वेगळी आणि स्त्रियांची वेगळी. त्या मृतांतल्या एकाचेही नाव कुणाला ठाऊक नाही, घटनेच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही, समाजातले बहुतेक लोक १९४८ नंतर इस्रायलला गेले. तरी जागा विसरली गेलेली नाही. सिद्दींकडे गावांचा महसूल होता, आंग्र्यांमागे आरमाराचा अभिमान आहे, बेने इस्रायलांकडे कुळकथा होती. तिन्ही ठिकाणी आठवण राखण्याचे काम कुणाकडे तरी होते. महायुद्धांत गेलेल्या रायगडच्या सामान्य माणसाचे काम या किनाऱ्यावर कुणाच्याच गळ्यात नाही. माझ्या मते उणीव आहे ती नेमकी इथे. हवा-पाण्याला दोष देण्यात अर्थ नाही.

वैमानिकांपेक्षा खलाशांच्या बाबतीत ही उणीव जास्त बोचते, कारण ते याच मातीतले. कोकणी मुसलमान सारंग, खलाशी आणि इंजिनाच्या खोलीत कोळसा ओढणारे आगवाले श्रीवर्धन-म्हसळ्यापासून रत्नागिरीपर्यंतच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर जात. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या अविभाजित भारताच्या सहा हजारांवर खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. त्यांतले चारशेच्या आसपास नौदलाचे, बाकीचे सगळे व्यापारी जहाजांवरचे. रेवसच्या धक्क्यावरून मुंबईला जाणाऱ्या किती माणसांना हे माहीत असेल? २३ नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेल्या ‘तिलावा’ या बोटीला जपानी पाणबुडीने बुडवले. बोटीवरच्या ९५८ जणांपैकी २८० गेले. ही गोष्ट कित्येक वर्षे फक्त घराघरांतच राहिली. मग बुडालेल्यांच्या वंशजांनी कागद जमवले, उतारूंची माहिती जुळवली, आणि २०२२ मध्ये ऐंशी वर्षांनी मुंबईत स्मरणाचा कार्यक्रम घडवून आणला. सरकारी आदेशाची वाट पाहिली असती तर तो झाला नसता.

आता आक्षेप, आणि तो हलका नाही. हे साम्राज्याचे युद्ध होते, मेलेले बरेचसे परके होते किंवा परक्यांचे पगारी नोकर होते, त्यांच्या दगडांची उस्तवार आपण का करायची? ज्या देशाने १९४२ साली ‘चले जाव’ म्हटले, त्याने हा प्रश्न विचारणे साहजिक आहे. एक तर ही व्यवस्था आता एकट्या ब्रिटनची नाही. युद्धकबर आयोगाचा खर्च सहा देशांची सरकारे उचलतात आणि त्यांत भारत आहे. दुसरे म्हणजे रायगडचा स्वतःचा माणूस. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतला नाईक, वय २२. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या तुकडीतले बाकी सगळे पडले. हा एकटा चौकीवर धावून गेला, बॉम्ब टाकला, बंदुकीचे मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून दस्त्याने लढला आणि शेवटी लपलेल्या नेमबाजांच्या गोळीने मेला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, कबर मिळाली नाही. नाव कसीनोच्या स्मारकावर आहे. माणगावात तहसील कार्यालयाच्या आवारात त्याचा पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतल्या माँतोने गावाने त्याच्या नावाने सूर्यघटिका उभारली. ज्या गावाच्या अंगणात तो लढला त्याने परका म्हणून त्याला टाकले नाही. मग खडकीच्या शिळेखालच्या इंग्रज किंवा कॅनेडियन वैमानिकाला आपण परका म्हणून टाकायचे कशाला? युद्धाचे समर्थन आणि मेलेल्याची नोंद या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. उलट नोंद नसली की युद्ध स्वस्त वाटू लागते.

साम्राज्यावरचा राग योग्य जागी लावायचा असेल तर तो नोंदींतल्या भेदावर लावावा. पहिल्या महायुद्धानंतर बसरा इथल्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली. भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची कोरली, शिपायांचे पलटणवार आकडे. मेसोपोटेमियात मराठा पलटणी होत्या, कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या, म्हणजे त्या आकड्यांत कोकणातली घरे आहेत. महाराष्ट्रात अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाट्या आढळतात: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके मेले. पाटीवर आकडा असतो, नाव नसते. एप्रिल २०२१ मध्ये युद्धकबर आयोगानेच नेमलेल्या समितीने कबुली दिली की पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांची, त्यांत मोठा वाटा भारतीय आणि आफ्रिकी सैनिकांचा, स्मारके इतरांच्या बरोबरीची झाली नाहीत, आणि आणखी किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची, नावाने नोंदच झाली नाही किंवा मुळीच झाली नाही. ‘सगळे नोंदलेले आहे, आता काय उरले’ असे म्हणणाऱ्यांना यापुढे वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

आणि जे नोंदलेले आहे तेही रायगडच्या माणसाला सहज सापडत नाही. आयोगाची यादी संगणकावर कुणालाही पाहता येते, भारतीय सैनिकांच्या नावापुढे पुष्कळदा बापाचे नाव, गाव आणि जिल्हाही असतो. पण जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. रायगड टाकून शोधले तर काही निघत नाही, आणि कुलाबा टाकून शोधणारा मुंबईच्या दक्षिण टोकाला जाऊन पोहोचतो. त्यात इंग्रजी कारकुनांनी लिहिलेली मराठी आडनावे. एका नावाची अशी मोडतोड काय करते याचे उदाहरण मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिणकराचे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी तो एक, २३ व्या स्क्वाड्रनमधला. जून १९१८ च्या अखेरीस फ्रान्सच्या आघाडीवर विमान पडले, जर्मनांच्या हाती लागून तो वारला. त्यांनी पुरताना नाव भलतेच लिहिले आणि युद्ध संपल्यावरही घरच्यांना कबर कळेना. ओळखीच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने चिकाटीने शोध घेतला तेव्हा त्या चुकीच्या नावामागे वेलिणकर असल्याचा उलगडा झाला. आज सोम खोऱ्यात हँगार्ड इथे त्याच्या नावाची शिळा आहे. शोध घेणारा एक माणूस नसता, तर मुंबईचा हा पोरगा अनोळखी म्हणून राहिला असता.

म्हणून कुणी अलिबागच्या किनाऱ्यावर नवे भव्य स्मारक बांधा म्हटले तर मी हात आखडता घेईन. दगड परत आणण्याचा हट्टही चुकीचा. खडकीला त्या शिळा जशा राखल्या जातात तशा किनाऱ्यावर राखल्या गेल्या नसत्या, १९६२ चा निर्णय शहाणपणाचा होता. पण शिळा हलवताना त्यांच्यासोबत जागेची आठवणही हलली. ती परत आणायला वाळू-सिमेंट लागत नाही, एक नोंदवही लागते: जुन्या कुलाबा जिल्ह्यातले आणि इथल्या पाण्यात गेलेले, दोन्ही महायुद्धांचे मृत, गाववार, तालुकावार, खडकी, दिल्ली, मशीद बंदर, क्रांजी, बसरा, कसीनो या ठिकाणांच्या याद्यांतून उतरवलेले. अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, मराठा पलटणीचे केंद्र बेळगावला आहे, जिल्ह्यात इतिहास शिकवणारी महाविद्यालये आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांना पुरेल एवढेच हे काम आहे. खोकरीच्या घुमटांना जशी गावे नेमून दिली होती, तशी या वहीला एक कचेरी नेमून द्यावी, म्हणजे अधिकारी बदलला तरी वही राहील.

तोवर घरच्या घरी करण्यासारखे थोडे आहे. पहिल्या महायुद्धाचे चांदीचे पदक ज्यांच्या घरात आहे, त्यांनी राजाचा मुखवटा सोडून पदकाची कड पाहावी. तिथे बारीक इंग्रजी ठशांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण असते. मेलेल्याच्या घरी आलेली ब्रॉन्झची, वीतभरापेक्षा लहान, गोल चकती असेल तर तिच्यावर हुद्द्याशिवाय नुसते नाव असते. दोन्हींचे फोटो काढा, जमले नाही तर मजकूर जसाच्या तसा, चुकीच्या स्पेलिंगसह, उतरवून गावाच्या वाचनालयात एक प्रत द्या. आणि चांदीचा भाव कितीही चढला तरी पदक सोनाराकडे नेऊ नका. नेलेच, तर कडेवरची अक्षरे आधी लिहून घ्या.