माहिती चौकट : जुन्या लॅपटॉपवरील नेटवर्क कार्डाचा तंटा

वाटप : १९८४ च्या पीसी-एटीपासून रूढ झालेल्या रचनेत प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी ० ते १५ अशा सोळाच आयआरक्यू वाहिन्या मुक्रर केलेल्या असून, त्यांपैकी ० घड्याळाकडे, १ कीबोर्डकडे, ६ फ्लॉपीकडे, १४ व १५ हार्डडिस्क-सीडीकडे वहिवाटीने गेलेल्या, आणि २ ही या वाहिन्या सांभाळणाऱ्या दोन नियंत्रकांच्या जोडणीतच खर्ची पडलेली असल्यामुळे, मागाहून आलेल्या नेटवर्क कार्डाच्या वाट्याला बहुधा ३, ५, १० किंवा ११ यांपैकीच एखादी येते, त्यांतही ३ वर कॉम-२ किंवा इन्फ्रारेडचा, तर ५ वर अनेकदा साउंड कार्डाचा कब्जा असतो.

निदान : विंडोज ९८ च्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावाशी पिवळे उद्गारचिन्ह दिसल्यास ‘रिसोर्सेस’ या पानाच्या तळाशी पाहावे, कोणती वाहिनी वा कोणता पत्ता वादग्रस्त आहे आणि प्रतिपक्ष कोण, याची नोंद तेथे सापडते.

उपाय : बायोसमध्ये जाऊन वापरात नसलेले इन्फ्रारेड किंवा सीरियल पोर्ट बंद करावे, म्हणजे त्याची वाहिनी मोकळी होते. तेवढ्याने न भागल्यास ‘यूज ऑटोमॅटिक सेटिंग्ज’ची खूण काढून, शक्य असेल तेथे, कार्डास दुसरी वाहिनी नेमून द्यावी.

भेद : सोळा-बिटी पीसीएमसीआयए कार्डास सहसा स्वतंत्र वाहिनी लागते, बत्तीस-बिटी कार्डबस कार्ड मात्र पीसीआयच्या नियमाने चालत असल्याने, ड्रायव्हर योग्य असल्यास, तीच वाहिनी इतरांसह सामाईकपणे वापरू शकते.