श्रेष्ठ फिरकी गोलंदाज कोण? : एका जुन्या वादाची चिकित्सा

क्रिकेटचा विषय निघावा आणि वाद होऊ नये, असे आमच्या महाविद्यालयात सहसा घडत नाही. त्यातही एक वाद असा आहे की, तो दरवर्षी नव्याने पेटतो आणि दरवर्षी अर्धवटच विझतो. १९५० ते १९८० या तीस वर्षांत भारताकडून खेळलेल्या फिरकी गोलंदाजांत सर्वश्रेष्ठ कोण? मराठी मंडळी सुभाष गुप्ते यांचे नाव घेतात. कन्नड मंडळी प्रसन्न आणि चंद्रशेखर यांच्यासाठी कंबर कसतात. जुन्या हैदराबादेतले विद्यार्थी गुलाम अहमद यांच्याखेरीज दुसरे नाव ऐकून घेत नाहीत. एखादा तटस्थ प्राध्यापक बिशनसिंग बेदी यांचे नाव सुचवतो आणि सर्वांचाच रोष ओढवून घेतो.

मी संख्याशास्त्र शिकवतो. त्यामुळे वाद हातघाईवर आला की, "सर, तुम्हीच आकडे सांगा," असे म्हणून निवाडा माझ्या गळ्यात घातला जातो. पण आकडे सांगणे आणि निवाडा देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा वाद कसा घालावा, कोणता पुरावा किती मोलाचा, आणि शेवटी मत द्यायचेच झाले तर ते कोणत्या आधारावर द्यावे, एवढेच प्रस्तुत लेखात मांडण्याचा विचार आहे. मत देण्याचे मी टाळणार नाही. पण ते शेवटी.

प्रथम मूळ आकडे पाहू. गुलाम अहमद : २२ कसोटी, ६८ बळी, सरासरी ३०.१७. विनू मांकड : ४४ कसोटी, १६२ बळी, सरासरी ३२.३२. सुभाष गुप्ते : ३६ कसोटी, १४९ बळी, सरासरी २९.५५. प्रसन्न : ४९ कसोटी, १८९ बळी, सरासरी ३०.३८. चंद्रशेखर : ५८ कसोटी, २४२ बळी, सरासरी २९.७४. बेदी : ६७ कसोटी, २६६ बळी, सरासरी २८.७१. वेंकटराघवन : ५७ कसोटी, १५६ बळी, सरासरी ३६.११.

सरासरी म्हणजे एका बळीसाठी मोजलेल्या धावा. ती जितकी कमी तितका गोलंदाज चांगला, असा सर्वसाधारण समज आहे. मग बेदी पहिले आणि वाद संपला, असे म्हणायचे काय? तसे म्हणण्यापूर्वी आणखी एका गोलंदाजाकडे पाहावे लागेल. जसू पटेल यांनी १९५९ च्या डिसेंबरात कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध एका डावात ६९ धावांत ९ आणि सामन्यात १४ बळी घेतले व भारताला ऑस्ट्रेलियावर पहिला विजय मिळवून दिला. त्यांची एकूण सरासरी २१.९६, म्हणजे वरील सर्वांपेक्षा सरस. पण ते एकंदर सातच कसोटी खेळले. २९ बळींपैकी १४ त्या एका सामन्यातले. उरलेल्या सहा सामन्यांत मिळून १५. जसू पटेल यांचा तो पराक्रम अमर आहे, पण त्यावरून त्यांना कोणी बेदींच्या वर बसवत नाही. कारण उघड आहे. नमुना लहान असला की एखादी असाधारण घटना सगळी सरासरी आपल्याकडे ओढून घेते. म्हणून पहिला नियम असा की, सरासरी पाहताना ती किती सामन्यांची आहे हेही पाहावे.

दुसरे माप प्रत्येक कसोटीमागे मिळालेल्या बळींचे. चंद्रशेखर ४.१७, गुप्ते ४.१४, बेदी ३.९७, प्रसन्न ३.८६, मांकड ३.६८, गुलाम अहमद ३.०९, वेंकटराघवन २.७४. येथे चंद्रशेखर आणि गुप्ते जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे आहेत. ०.०३ च्या फरकाला काही अर्थ नाही.

पण या मापातही एक खोच आहे. प्रतिपक्षाच्या एका डावात दहाच बळी असतात. संघात चांगले गोलंदाज अनेक असतील, तर ते दहा बळी वाटून घ्यावे लागतात. चंद्रशेखर यांच्या सोबतीला बेदी, प्रसन्न किंवा वेंकट असत. (हे चौघे एकत्र मात्र एकाच कसोटीत खेळले, १९६७ साली इंग्लंडमध्ये एजबॅस्टनला.) गुप्ते यांच्या काळात मांकड आणि गुलाम अहमद होते, परंतु पुढे पुढे बराचसा भार एकट्या गुप्ते यांच्यावरच पडला. एकट्याने भार वाहणाऱ्याला षटके अधिक मिळतात आणि बळीही अधिक मिळतात. तेव्हा हे माप एकांड्या शिलेदाराला थोडे झुकते माप देते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

याचे उदाहरण आपल्याच शहरात घडले आहे. १९ नोव्हेंबर १९५५ रोजी फत्तेमैदानावर, म्हणजे आजच्या लालबहादूर स्टेडियमवर, हैदराबादची पहिली कसोटी सुरू झाली. प्रतिस्पर्धी न्यूझीलंड आणि भारताचे कर्णधार आपले गुलाम अहमद. त्या सामन्यात पॉली उम्रीगर यांनी २२३ धावा काढल्या. भारतीय फलंदाजाचे कसोटीतील ते पहिले द्विशतक. भारताने ४ बाद ४९८ वर डाव सोडला. त्यानंतर गुप्ते यांनी एका डावात ७६.४ षटके टाकली आणि १२८ धावांत ७ बळी घेतले. ७६.४ षटके म्हणजे ४६० चेंडू! आज एका संपूर्ण दिवसात सर्व गोलंदाज मिळून ९० षटके टाकतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मनगटाच्या श्रमाची कल्पना येईल. एवढे करूनही सामना अनिर्णित राहिला.

तिसरे माप अधिक सूक्ष्म आहे : एका बळीसाठी किती चेंडू लागले? चंद्रशेखर यांना सुमारे ६६, गुप्ते आणि प्रसन्न यांना सुमारे ७६, बेदी यांना सुमारे ८०, गुलाम अहमद यांना सुमारे ८३, मांकड यांना सुमारे ९१. आता गंमत पाहा. गुप्ते आणि चंद्रशेखर यांची धावांची सरासरी जवळजवळ सारखीच. पण चंद्रशेखर षटकामागे सुमारे २.७ धावा देत आणि गुप्ते सुमारे २.३. एक भराभर खर्च करून भराभर मिळवणारा, तर दुसरा हात राखून खर्च करणारा. बेदी षटकामागे सुमारे २.१ धावाच देत. त्यांची काटकसर मोठी आणि त्यांची सरासरी सर्वांत चांगली.

मग या दोहोंत अधिक मोलाचे काय? धाव वाचवणे की चेंडू वाचवणे? कसोटी सामना पाच दिवसांचा असतो आणि तो जिंकायचा तर वीस बळी घ्यावे लागतात. त्या काळात भारताचे कितीतरी सामने अनिर्णित राहिले, ते वेळ अपुरा पडला म्हणून. म्हणजे दुर्मिळ वस्तू होती ती वेळ, आणि वेळ म्हणजेच चेंडू. या दृष्टीने चंद्रशेखर यांचे ६६ चेंडू फार बोलके आहेत. भारताने जिंकलेल्या १४ कसोटींत त्यांनी ९८ बळी घेतले, सामन्यामागे ७. १९७१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलला ३८ धावांत ६ बळी घेऊन त्यांनी इंग्लंडचा डाव १०१ धावांत गुंडाळला, ते तर सर्वश्रुतच आहे. १९७७-७८ च्या दौऱ्यात मेलबर्नला त्यांनी दोन्ही डावांत ५२ धावांत ६ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर भारताला पहिला कसोटी विजय मिळाला. बालपणी पोलिओने क्षीण झालेल्या उजव्या हाताने हा माणूस हे सर्व करीत होता!

येथे गुप्ते यांचे वकील उभे राहतात, आणि त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. ते विचारतात, झेल कोणी घेतले? धावफलकावर घेतलेल्या झेलांची नोंद होते. सुटलेल्या झेलांची होत नाही. चंद्रशेखर यांच्या गोलंदाजीवर शॉर्ट लेगला एकनाथ सोलकर उभे असत. २७ कसोटींत ५३ झेल घेणारा हा मुंबईकर फलंदाजाच्या बॅटीखालून चेंडू उचलून घेई. जवळ वेंकट, वाडेकर आणि आपल्या हैदराबादचे अबिद अली असत. (ओव्हलची विजयी धाव अबिद अली यांच्याच बॅटीतून निघाली.) गुप्ते यांना असे क्षेत्ररक्षक लाभले नाहीत. १९५८ साली कानपूरला त्यांनी वेस्ट इंडीजविरुद्ध १०२ धावांत ९ बळी घेतले. दहावा बळी लान्स गिब्जचा. त्याचा झेल यष्टिरक्षक ताम्हाणे यांच्या हातून सुटला आणि पुढे रांजणे यांनी त्याला त्रिफळाबाद केले. नऊ बळी घेऊनही भारत तो सामना हरला. यावरून दिसते की, चेंडूंचे मापही सर्वस्वी गोलंदाजाचे नसते. त्यात दुसऱ्यांच्या हातांचा वाटा असतो.

प्रतिपक्ष कोण होता, हेही विचारले पाहिजे. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात गुप्ते यांच्यासमोर वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे त्रिकूट होते. एकट्या वीक्स यांनी त्या मालिकेत ७१६ धावा काढल्या. तरीही गुप्ते यांनी पाच कसोटींत २७ बळी मिळवले. दुसरीकडे प्रसन्न यांचे कन्नड चाहते १९६७-६८ च्या दौऱ्याचा दाखला देतात. त्यांच्या ऑफब्रेकला अनुकूल नसलेल्या ऑस्ट्रेलियात चार कसोटींत २५ आणि न्यूझीलंडमध्ये चार कसोटींत २४ बळी! न्यूझीलंडमधील ती मालिका परदेशात भारताने जिंकलेली पहिली मालिका होय. विद्यार्थी मित्रांनी आणखी एक लक्षात घ्यावे. हेच प्रसन्न अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे करण्यासाठी १९६२ नंतर जवळजवळ पाच वर्षे कसोटीपासून दूर राहिले होते. परतल्यावर त्यांनी आपले पहिले शंभर बळी अवघ्या २० कसोटींत पुरे केले.

आता साक्षीदारांकडे वळू. सोबर्स यांनी गुप्ते यांना आपण पाहिलेल्या लेगस्पिनरांत सर्वश्रेष्ठ मानले. इयान चॅपेल यांनी प्रसन्न यांना आपल्या वाट्याला आलेल्या फिरकी गोलंदाजांत अग्रस्थान दिले. दोघेही थोर फलंदाज, दोघांचीही साक्ष वजनदार. परंतु साक्षीदार आपण पाहिले तेवढेच सांगू शकतो. अशा साक्षीने उमेदवाराची योग्यता सिद्ध होते. क्रम सिद्ध होत नाही.

शेवटचा मुद्दा संधीचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गुप्ते यांची कारकीर्द १९६१ साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी संपली. दिल्लीत हॉटेलातील त्यांच्या खोलीतील सोबत्याने स्वागतिकेला दूरध्वनी केल्याची तक्रार झाली आणि शिक्षा गुप्ते यांनाही भोगावी लागली. फिरकी गोलंदाज ज्या वयात पिकतो, त्या वयात त्यांना घरी बसावे लागले. पुढे ते त्रिनिदादला स्थायिक झाले. पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ आणि राजिंदर गोयल यांनी ७५० बळी घेतले. पण बेदी यांच्या काळात जन्मलेल्या या दोन डावखुऱ्यांना एकही कसोटी मिळाली नाही. आणि त्याही मागे जायचे तर पालवणकर बाळू! आपल्या या मराठी-कन्नड नियतकालिकाला शोभेल असाच हा माणूस : जन्म धारवाडचा, आडनाव कोकणातले, कर्तृत्व पुण्या-मुंबईचे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. चर्मकार समाजात जन्मल्यामुळे पुण्यात सहकाऱ्यांसोबत चहा घेण्याचीही त्यांना मुभा नव्हती आणि संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. भारताची पहिली कसोटी १९३२ ची, तेव्हा ते कोणत्याच यादीत येत नाहीत. आपण ज्यांची तुलना करतो ते सर्व संधी मिळालेले लोक आहेत, ही जाणीव प्रत्येक वादात असली पाहिजे.

आता मत. धावांच्या सरासरीत बेदी, परक्या भूमीवरील प्रभावात प्रसन्न, आणि आधाराविना लढण्यात गुप्ते श्रेष्ठ होत. पण सामना जिंकून देणे हेच गोलंदाजाचे अंतिम काम असेल, तर माझे मत भागवत चंद्रशेखर यांना. सोलकरांचे श्रेय वजा केले तरी ६६ आणि ७६ यांतील दहा चेंडूंचे अंतर संपूर्ण भरून निघेल, असे मला वाटत नाही. दुसरे स्थान गुप्ते यांना, आणि तेही अगदी थोडक्या अंतराने. मराठी असून असे मत दिल्याबद्दल काही मित्र रुसतील. त्यांनी रुसावे, पण उत्तर आकड्यांनी द्यावे. आपल्या उमेदवाराविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा कोणता, हे ज्याला सांगता येत नाही त्याला वाद घालण्याचा अधिकार नाही, असे मी वर्गातही सांगत असतो.

राहिले गुलाम अहमद. कसोटीच्या आकड्यांत ते मागे पडतात, हे हैदराबादकरांनी मान्य करावे. परंतु १९५०-५१ च्या रणजी हंगामात होळकर संघाविरुद्ध एका डावात त्यांनी ९२.३ षटके टाकली, ५५५ चेंडू! १९५२ साली दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध हेमू अधिकारी यांच्यासह दहाव्या गड्यासाठी १०९ धावांची भागी केली. १९५६ साली कलकत्त्यात ऑस्ट्रेलियाचे ४९ धावांत ७ बळी घेतले. पुढे शिवलाल यादव आणि अर्शद अयूब यांच्या रूपाने हैदराबादने देशाला ऑफस्पिनर दिले, त्या परंपरेचे मूळ पुरुष तेच. यादीत त्यांचा क्रम खाली असेल; पण फत्तेमैदानावरून जाताना ज्या खेळाडूची आठवण व्हावी, तो क्रमाने ठरत नाही.